लसीविषयीच्या शंकेचा विचार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाचा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, शिष्यवृत्ती निधीचा हिशेब वाचला जातो, वधूवरांची ओळख करून दिली जाते आणि पंगती बसण्यापूर्वी एखाद्या वयस्क सभासदास बोलावयास उभे केले जाते. यंदा ती पाळी मजवर आली आहे. जेवणाची वेळ जवळ आली असता बोलणाऱ्याने फार लांबण लावू नये हे मी जाणतो. तथापि विषय असा आहे की, तो अर्धवट सांगणे न सांगण्याहून वाईट होईल. यास्तव थोडी सहनशीलता आपणांकडून मागून घेतो.

गेली चाळीसहून अधिक वर्षे मी या शहरात वैद्यकीचा व्यवसाय करीत आहे. करोनाच्या लसीविषयी बोलण्याचा मनोदय मी चिटणीसांस कळविला, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साथ सरून वर्षे लोटली, आता ते पुराण कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. साथ सरली हे खरे. पण साथीबरोबर आलेली शंका मात्र सरलेली नाही; ती आपल्या घराघरांत मुक्कामास राहिली आहे. कोठे एखादा तरुण मनुष्य हृदयविकाराने अचानक गेला की, स्मशानातच कोणी तरी हलक्या आवाजात विचारतो, "लस घेतली होती का हो यांनी?" आपल्याच ज्ञातीतील एका सुशिक्षित जोडप्याने तान्ह्या मुलीस गोवराची लस टोचण्याचे दोनदा लांबणीवर टाकले. कारण विचारता त्यांनी करोनाच्या लसीच्या ऐकीव कथा मजपुढे मांडल्या. एका लसीविषयीचा संशय दुसऱ्या लसीवर जाऊन बसतो आणि त्याचे मोल ज्यास बोलताही येत नाही अशा अर्भकास द्यावे लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे आणि मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली, ती साथीच्या काळात नित्याच्या लसी चुकलेल्या मुलांमध्येच प्रामुख्याने पसरली. म्हणून हे पुराण.

शंका घेणारा मनुष्य मूर्ख असतो असे मी मानीत नाही. शंकेस उत्तर न देता तिची टवाळी करणे हा आम्हा वैद्यांचा जुना दोष आहे. आजच्या व्याख्यानात मी लसीची वकिली करणार नाही. तिच्या बाजूचे आणि तिच्या विरुद्धचे जे जे सिद्ध झाले आहे, ते दोन्ही पारड्यांत घालून आपणांसमोर धरणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. 'लस' हा आपला शब्दच बोलका आहे. फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा जो पातळ द्रव, त्यास आपण लस म्हणतो. देवीच्या फोडातील अशाच द्रवापासून टोचणीची विद्या निघाली आणि तो शब्द औषधासच चिकटला. हिंदुस्थानातील पहिली टोचणी आपल्या मुंबईतच झाली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस जेन्नर यांच्या पद्धतीने देवीची लस देण्यात आली. पुढे आपल्या लोकांनी त्या क्रियेस 'देवी काढणे' असे घरगुती नाव दिले. आज या सभागृहात जे साठीच्या पुढील आहेत, त्यांच्या दंडावर त्या देवीचा वण अद्याप दिसेल; चाळिशीच्या आतील कोणाच्या दंडावर तो दिसणार नाही. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या पृथ्वीवरून तो रोग गेल्याचे जाहीर केले. जो रोग दिसेनासा झाला, त्याचे भय राहत नाही. मग भय उरते ते सुईचे.

करोनाच्या काळाशी अधिक जुळणारा प्रसंग मात्र प्लेगचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या सालच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्याच पुण्यात सरकारी सक्तीच्या घरझडतीने लोक इतके चिडले की, २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. रोगाचे भय, सरकारचा धाक आणि नव्या औषधाविषयीचा अविश्वास ही तिन्ही एकाच वेळी आली म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने त्या वर्षी पाहिले.

याच काळातील एक हकीगत ज्ञातिसंस्थांच्या दृष्टीने फार मननीय आहे. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान, हे तेव्हा अवघे वीस वर्षांच्या आतबाहेर होते, यांनी लोकांसमक्ष स्वतःस टोचून घेतले, हाफकिनच्या कामासाठी माझगावातील आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि आपल्या अनुयायांतील हजारो लोकांचे मन वळविले. सरकारी अधिकाऱ्यास जे साधले नाही, ते ज्ञातीच्या प्रमुखास साधले. कारण उघड आहे. लोक कागदावरील आकड्यावर विश्वास ठेवीत नाहीत, ते माणसावर ठेवतात.

पण हाफकिनची कथा येथे थांबत नाही, आणि उत्तरार्ध लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. १९०२ सालच्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल या गावी प्लेगची लस टोचून घेतलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. ती सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. ठपका हाफकिनच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे बाटली उघडताना गावी काय घडले याचा पुरावा तपासला गेला. हाताळणीत जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांचा पक्ष उचलला व १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली मुंबईच्या त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. या घटनेतील दोन्ही गोष्टी ध्यानी धराव्या. लसीकरणात माणसे मेली, हे सत्य आहे. आणि ती कशाने मेली हे शोधून काढण्यास पाच वर्षे लागली, हेही सत्य आहे. लस दोषी की हाताळणी दोषी, हा निवाडा गावच्या पारावर होत नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण जे भोगले, त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. घाटी रुग्णालयाच्या आवारात रात्री उभे राहिलेले लोक, चिकलठाण्यास मेल्ट्रॉनच्या इमारतीत उघडलेले करोना रुग्णालय, एप्रिल २०२१ मधील प्राणवायूची वणवण, हे सर्व आपणांस आठवते. जिल्ह्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे या रोगाने गेल्याची सरकारी नोंद आहे आणि नोंदीबाहेरचे किती, ते ज्याचे त्याने आपल्या गल्लीत मोजावे.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. प्रथम आरोग्यसेवक, मार्चपासून साठ वर्षांवरील व ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्त, एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व आणि मेपासून १८ वर्षांवरील सर्व असा क्रम ठरला. एप्रिल-मे महिन्यांत लस मिळत नाही म्हणून लोक पहाटेपासून रांगा लावीत होते. आणि पाचसहा महिन्यांनी, लस मुबलक झाली तेव्हा, घेणारी माणसे मिळेनात! नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यात पात्र लोकांपैकी सुमारे ७४ टक्क्यांनी पहिली मात्रा घेतली असता आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. राज्यातील ३६ जिल्ह्यांत आपला क्रमांक २६ वा. दुसरी लाट ओसरताच भयही ओसरले होते. शिवाय अफवांनी आपले काम चोख बजावले होते.

या लसी होत्या तरी काय? आपल्याकडे मुख्यतः दोन दिल्या गेल्या. पहिली कोव्हिशील्ड. ऑक्सफर्ड विद्यापीठ व अ‍ॅस्ट्राझेनेका यांनी सिद्ध केलेली ही लस पुण्याच्या सिरम संस्थेत तयार होई. हिच्यात चिंपांझी माकडास सर्दी आणणारा एक निरुपद्रवी केलेला विषाणू वाहनासारखा वापरलेला असतो. करोनाच्या विषाणूच्या अंगावर जे काटे असतात, ते घडविण्याची सूचना हे वाहन शरीरास पोचविते. शरीर त्या काट्यांची ओळख करून घेते आणि खरा विषाणू आला म्हणजे सज्ज असते. दुसरी कोव्हॅक्सिन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साह्याने हैदराबादच्या भारत बायोटेकने केलेली. हिच्यात संपूर्ण विषाणूच मारून घातलेला असतो. ही पद्धती जुनी व परिचित आहे. दोहोंपैकी कोणतीही शरीरातील आनुवंशिक द्रव्य बदलीत नाही.

येथे एक आक्षेप न्यायबुद्धीने मान्य केला पाहिजे. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. म्हणूनच प्रारंभी ती घेणाऱ्यांकडून संमतिपत्रावर सही घेत. निष्कर्ष जुलैत प्रसिद्ध झाले, परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली. निष्कर्ष चांगले आले म्हणून आधीची घाई निर्दोष ठरत नाही. त्या वेळी ज्या आरोग्यसेवकांनी "आधी आकडे दाखवा" असे म्हटले, त्यांस देशद्रोही ठरविणारे लोक निघाले, ही गोष्ट मला शोभादायक वाटली नाही.

आता अपायाविषयी, कारण तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

ताप, अंगदुखी, दंड सुजणे हे अपाय नव्हेत. तो शरीराच्या तालमीचा घाम होय. खरा अपाय दोन प्रकारांचा दिसून आला. पहिला तीव्र अ‍ॅलर्जीचा. ८ मार्च २०२१ रोजी लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू अशा प्रतिक्रियेने झाल्याचे केंद्रीय समितीने मान्य केले. हा प्रकार बहुधा टोचल्यापासून अर्ध्या तासाच्या आत होतो आणि वेळीच इंजेक्शन दिल्यास मनुष्य वाचतो. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवीत असत ते यासाठीच. आणि आपल्यापैकी कित्येक जण बाहेर चहा घ्यावयास निघून जात, तेही मी पाहिले आहे.

दुसरा प्रकार कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीशी निगडित आहे. क्वचित एखाद्या व्यक्तीच्या शरीरात लसीनंतर अशी प्रतिद्रव्ये निर्माण होतात की, ती रक्तातील बिंबाणूंवर उलटतात. बिंबाणूंची संख्या घटते आणि त्याच वेळी मेंदूच्या वा पोटाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. मार्च २०२१ मध्ये युरोपातील कित्येक देशांनी या कारणास्तव लसीकरण काही काळ थांबविले होते. आपल्या केंद्रीय समितीने १७ मे २०२१ रोजी अहवाल दिला. ४९८ गंभीर घटना तपासून त्यांपैकी २६ गुठळ्यांच्या असाव्यात असे ठरविले आणि प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे दिले. त्याच अहवालात ब्रिटनचे प्रमाण ४ व जर्मनीचे १० दिले होते.

आपल्याकडील आकडा इतका लहान का? आपली प्रकृती निराळी असेल. पण नोंद कमी झाली असणेही तितकेच संभवनीय आहे. त्याच अहवालानुसार ७५३ जिल्ह्यांपैकी ६८४ जिल्ह्यांतून लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी आल्या होत्या. मग उरलेल्या ६९ जिल्ह्यांत एकासही नोंद करण्याजोगा त्रास झाला नाही, असे समजावयाचे काय? म्हणून हिशेब करताना मी आपला आकडा सोडून जर्मनीचा, म्हणजे सर्वांत प्रतिकूल आकडा धरतो. दर दहा लाखांमागे १०. आता दुसरे पारडे पाहा. महाराष्ट्रात करोनाने १ लाख ४८ हजार माणसे गेल्याची नोंद आहे. लोकसंख्या साडेबारा कोटी धरली तर दर दहा लाखांमागे अकराशेहून अधिक. नोंदी दोन्हीकडे अपुऱ्याच. तरी दहा आणि अकराशे यांतील अंतर नोंदीच्या चुकीने भरून निघणारे नव्हे. शिवाय रक्ताच्या गुठळ्या करोनाच्या रोगानेही होत, आणि लसीहून पुष्कळच अधिक प्रमाणात.

एक गोष्ट मात्र या हिशेबात दडून राहते. अकराशे हा आकडा सर्व वयांचा मिळून आहे. सत्तर वर्षांच्या मधुमेही आजोबांस रोगाचे भय फार, लसीचे अल्प; त्यांच्याबाबत विचार करावयास जागाच नव्हती. पंचवीस वर्षांच्या निरोगी तरुणास रोगाचेही भय अल्प, तेव्हा त्याची दोन्ही पारडी बरीच जवळ येतात. ब्रिटनने हे ओळखून मे २०२१ मध्ये चाळिशीच्या आतील लोकांस शक्य तेथे दुसऱ्या जातीची लस देण्याचे ठरविले. आपल्याकडे त्या मे महिन्यात माणसे प्राणवायूवाचून तडफडत होती आणि दुसरी लस पुरेशी नव्हती. मिळेल ती घ्या, असेच मी तेव्हा तरुणांस सांगितले; आजही तो सल्ला मला त्या परिस्थितीत योग्य वाटतो. परंतु "यात तिळमात्रही धोका नाही" असे जे जाहिरातींतून सांगितले गेले, ते मात्र खरे नव्हते.

धोका लहान असतो, पण ज्या घरावर तो येतो त्या घरास तो लहान नसतो. आपल्याच शहरातील एका पित्याने, आपल्या तरुण कन्येचा मृत्यू लसीमुळे झाला असे म्हणून, २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने संबंधितांस नोटिसा काढल्या. या गृहस्थांविषयी काही ठिकाणी अनुदार उद्गार काढलेले मी ऐकले. मला ते मुळीच रुचले नाहीत. दहा लाखांत एक हा आकडा ज्याच्या घरी मुलगी होऊन वावरला, त्यास आपण गणित शिकवू नये.

ब्रिटनमध्ये १९७९ पासून लसीने गंभीर अपाय झालेल्यास सरकारी रक्कम देण्याचा कायदा आहे. ती रक्कम आता १ लाख २० हजार पौंड आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयास असे कळविले की, लसीच्या दुष्परिणामांबद्दल भरपाईस सरकारला जबाबदार धरता येणार नाही. नातलगांनी दिवाणी न्यायालयात जावे. माझ्या अल्पमतीस ही भूमिका पटत नाही. जो मनुष्य सर्वांच्या हितासाठी दंड पुढे करतो, त्याच्यावर क्वचित येणारे संकट सर्वांनी मिळून वाटून घ्यावे, हा साधा व्यवहार आहे. आपले मंडळ आकस्मिक निधी चालविते तो याच तत्त्वावर. शासनाने असा निधी उभारल्याने लसीवरील विश्वास घटत नाही, उलट वाढतो.

आता अचानक येणाऱ्या मृत्यूंविषयी. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडते, ही म्हण आपण मुलांस शिकवितो व स्वतः विसरतो. कोट्यवधी लोकांस लस टोचल्यावर त्यांतील हजारो लोक पुढील काही आठवड्यांत हृदयविकाराने जाणारच होते. लस नसती तरीही. मग लसीने गेला की लसीनंतर गेला, हे ओळखावे कसे? एकाच्या कथेवरून ते ओळखता येत नाही. गेलेल्यांची त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच परिसरातील हयात माणसांशी तुलना करावी लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांतून अशी तुलना केली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १८ ते ४५ वयाचे, वरवर निरोगी असता अचानक मरण पावलेले ७२९ आणि तुलनेसाठी हयात असलेले २,९१६. लसीमुळे मृत्यूचा संभव वाढल्याचे दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी आढळला. वाढलेला आढळला तो करोनाने रुग्णालयात राहून आलेल्यांत, ज्यांच्या कुटुंबात पूर्वी असे अकस्मात मृत्यू झाले आहेत त्यांच्यात, आणि मृत्यूपूर्वी दोन दिवसांत अतिमद्यपान वा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. आपल्या तरुण मंडळींनी, विशेषतः घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी, व्यायामशाळेत नाव घालण्यापूर्वी प्रकृती तपासून घ्यावी, एवढे यातून निश्चित घेण्याजोगे आहे.

२०२४ च्या एप्रिलअखेरीस वृत्तपत्रांत मोठा मथळा आला की, गुठळ्यांचा दोष कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात कबूल केला. दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात इतकी गर्दी झाली की, जणू लस आदल्याच दिवशी टोचली होती. काहींनी शेकडो रुपये खर्चून रक्ताच्या तपासण्याही करून घेतल्या. वस्तुतः तो दोष २०२१ मध्येच वैद्यकास ठाऊक झाला होता आणि आपल्या समितीच्या अहवालातही होता, हे आपण आताच पाहिले. शिवाय हा विकार लसीनंतर बहुधा पाच दिवसांपासून चारसहा आठवड्यांपर्यंतच उद्भवतो. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीने आज गुठळी होईल, हे भय निराधार आहे. ज्यांनी घेतली त्यांनी निश्चिंत असावे.

भगिनींसाठी थोडे निराळे सांगावयाचे आहे. २०२१ च्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या कार्यालयात लसीकरणाचे शिबीर भरले, तेव्हा घरातील कर्ते पुरुष पहिल्या दिवशी आले, सासवा दुसऱ्या दिवशी आणि सुना बहुतांशी आल्याच नाहीत. एका वडील भगिनीने मला बाजूस घेऊन म्हटले, "अहो डॉक्टर, सूनबाईला अजून मूलबाळ व्हायचंय. तिला कशाला टोचता?" ही एका घरची गोष्ट नव्हती. वंध्यत्व येते ही अफवा गावोगाव होती आणि तिला कोणताही आधार सापडलेला नाही. गरोदर स्त्रियांस २ जुलै २०२१ पासून लस देण्यास परवानगी मिळाली. याचे कारण, गरोदरपणी करोना झाल्यास आई व मूल दोघांवरही संकट अधिक येते असे दिसून आले होते. जी सून घरातील सर्व आजाऱ्यांची शुश्रूषा करते, तिलाच टोचावयाचे नाही, यात काळजी कोणाची होती, याचा विचार सासरच्यांनी करावा.

मात्र मासिक पाळी लांबते, ही स्त्रियांची तक्रार प्रारंभी कोणी कानावर घेतली नाही. २०२२ च्या आरंभी अमेरिकेत सुमारे चार हजार स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तक्रारीत तथ्य निघाले. पाळीचे चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबत होते व पुढे पूर्ववत होत होते. म्हणजे अपाय क्षुल्लक, पण तक्रार खरी. ती वेळीच ऐकून घेतली असती, तर अफवेस तितकी जागा उरली नसती.

सक्तीविषयी दोन शब्द बोलून संपवितो. ९ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला की, किमान एक मात्रा घेतलेल्यासच रास्त भाव दुकानातून धान्य, पंपावर पेट्रोल आणि एजन्सीतून गॅस मिळावा. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा पाहावयासही तोच नियम होता. हेतू उत्तम होता, यात संशय नाही. लेणी पाहणे ही चैन आहे. तेथे अट घातली तर कोणाचे पोट अडत नाही. परंतु धान्य ही चैन नव्हे. ज्याच्या घरी साठवण आहे त्यास या आदेशाचा चटका बसला नाही. ज्याची चूल दर महिन्याच्या शिध्यावर पेटते, त्यास बसला. आणि शंकेने मागे राहिलेला मनुष्य भुकेच्या धाकाने पुढे आला, तर तो दंड देतो, विश्वास देत नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र गैरवाजवी नाही. आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांस पाहावयास खुल्या कराव्यात. तीनही गोष्टी मला यथायोग्य वाटतात. त्यांतही तिसरी फार मोलाची.

आता आपल्या मंडळापुरत्या काही सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. आपल्या ज्ञातीत माझ्या माहितीप्रमाणे बरेच वैद्य व परिचारिका आहेत. त्यांपैकी दोघातिघांनी महिन्यातून एक रविवार मंडळाच्या कार्यालयात बसावे आणि मुलांच्या लसींविषयी ज्यास जे विचारावयाचे असेल, ते मोकळेपणी विचारता यावे. व्हॉट्सॲपवरून येणारे संदेश तेथे घेऊन यावेत. त्यांची चेष्टा होणार नाही, ती हमी मी घेतो. प्रत्येक घरी मुलांच्या टोचणीचे कार्ड जन्मपत्रिकेइतकेच जपून ठेवावे. कोणत्याही लसीनंतर असाधारण त्रास झाल्यास घरी कुजबुजत न बसता सरकारी रुग्णालयात त्याची रीतसर नोंद करवावी व नोंदीची प्रत मागून घ्यावी. ६९ जिल्ह्यांचे रकाने रिकामे राहिले, ते अशी नोंद न झाल्यानेच. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस द्यावी की काय, हा प्रश्न आता बऱ्याच मातांच्या मनात आहे; पुण्याच्या सिरम संस्थेची तशी लस २०२३ मध्ये आली आहे. त्यावर पुढील बैठकीत आपल्या ज्ञातीतील एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीचे व्याख्यान ठेवावे, अशी माझी विनंती आहे. ते मजसारख्या म्हाताऱ्याने देण्यापेक्षा तिने दिलेले बरे.

पाकगृहातून निरोप आल्याचे अध्यक्ष महाशय खुणेने सुचवीत आहेत. ज्यांना काही विचारावयाचे असेल, त्यांनी जेवणानंतर मजकडे यावे. मी चार वाजेपर्यंत येथेच आहे.